मिडी कीबोर्ड जोडला, दिवे लागले, पण आवाज नाही: काय, कुठे, कोणत्या क्रमाने तपासायचं

कीबोर्ड यूएसबीने कंप्युटरला जोडला, त्याचे दिवे लागले, पट्टी दाबली आणि शांतता. अशा वेळी बहुतेक जण आधी ड्रायव्हर शोधायला निघतात, मग सॉफ्टवेअर काढून परत टाकतात. दोष केबलमध्ये असेल तर हा सगळा उपद्व्याप फुकट जातो, आणि वर सेटिंग्जही विस्कटून बसतात.

म्हणून ठरवून एकाच गोष्टीच्या मागे लागा: पट्टी दाबल्यावर सिग्नल नेमका कुठपर्यंत पोचतोय? वाट अशी आहे: कीबोर्ड, केबल, कंप्युटरचं पोर्ट, ऑपरेटिंग सिस्टिम, संगीताचं सॉफ्टवेअर, त्यातला ट्रॅक, ट्रॅकवरचं वाद्य आणि शेवटी साउंड कार्ड. याच क्रमाने जा. मागची कडी ठीक आहे याची खात्री होईपर्यंत पुढच्या कडीला हात लावू नका, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

आणखी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. मिडीच्या केबलमधून आवाज जात नाही, निरोप जातो. १९८३ सालच्या मूळ मिडी पद्धतीत पट्टी दाबली की तीन बाइट निघतात. त्यांचा अर्थ साधारण असा: ‘चॅनल १, स्वर क्रमांक ६०, जोर ८७’. पट्टी सोडली की ‘६० बंद’. पियानोचा, तबल्याचा, व्हायोलिनचा जो आवाज ऐकू येतो तो कंप्युटरमधलं सॉफ्टवेअर तयार करतं. म्हणजे ‘आवाज येत नाही’ या एकाच तक्रारीत दोन वेगळे आजार लपलेले असतात: निरोप पोचतच नाही, किंवा निरोप पोचतो पण त्याचा आवाज होत नाही. पहिल्याचा इलाज १ ते ५ मध्ये आहे, दुसऱ्याचा ६ आणि ७ मध्ये.

आधी हे जवळ घेऊन बसा

- दोन यूएसबी केबल. त्यातली एक तरी डेटा नेते याची खात्री असलेली हवी. कीबोर्डचं पोर्ट चौकोनी असेल तर प्रिंटरची केबल चालते.
- तारेचे हेडफोन. ब्लूटूथ हेडफोन तपासणी संपेपर्यंत बाजूला ठेवा.
- मिडी मॉनिटर, म्हणजे आलेले निरोप पडद्यावर दाखवणारा छोटा प्रोग्रॅम. विंडोजसाठी ‘मिडी-ऑक्स’, मॅकसाठी ‘मिडी मॉनिटर’ याच नावाचा. दोन्ही फुकट मिळतात.
- कीबोर्डचं मॅन्युअल. कागदी हरवलं असेल तर कंपनीच्या साइटवर पीडीएफ असते.
- कीबोर्डला स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असेल तर तो. दुसऱ्या कुठल्या उपकरणाचा लावून बघू नका. व्होल्टेज जुळलं तरी प्लगची ध्रुवता उलटी असू शकते.

१. कोणतं पोर्ट, ते नीट बघा

मिडी कंट्रोलर प्रकारच्या कीबोर्डमध्ये स्वतःचा आवाज नसतोच. त्याला स्पीकर नसतो, बहुतेकांना हेडफोनची जागाही नसते. तो नुसता जोडून आवाजाची वाट बघत बसलात तर जन्मभर वाट बघाल. कंप्युटरवर वाजवणारं सॉफ्टवेअर लागतंच.

डिजिटल पियानो किंवा अरेंजर कीबोर्ड (ताल आणि साथ स्वतः वाजवणारा) असेल तर मागे दोन यूएसबी पोर्ट असू शकतात. चौकोनी, वरचे दोन कोपरे तासलेले, त्यावर ‘टू होस्ट’ लिहिलेलं, ते कंप्युटरसाठी. चपटं, ‘टू डिव्हाइस’ लिहिलेलं, ते पेन ड्राइव्हसाठी. दुसऱ्या पोर्टाला कंप्युटर जोडून काही होत नाही. आणि असे कीबोर्ड यूएसबीच्या विजेवर चालत नाहीत. अ‍ॅडॅप्टर लावून चालू करावे लागतात. हेडफोन जॅकमधून कंप्युटरच्या माइकच्या जॅकमध्ये वायर टाकली तर आवाज रेकॉर्ड होतो, पण ते मिडी नव्हे.

२. केबल बदलून बघा

सगळ्यांत जास्त माणसं इथे फसतात. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात: दोन विजेच्या, दोन डेटाच्या. चार्जिंगपुरत्या बनवलेल्या स्वस्त केबलमध्ये डेटाच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. लक्षण मात्र ठरलेलं: कीबोर्डचे दिवे लागतात आणि कंप्युटरला पत्ताही नसतो. जोडल्यावरचा ‘टिंग’ नाही, यादीत नाव नाही, चूक झाल्याचा संदेशही नाही. संशयित केबलने मोबाइल जोडून एखादा फोटो कंप्युटरवर आणून बघा. फोटो आला तर केबल डेटा नेते.

टाइप-सी पोर्टच्या कीबोर्डांत आणखी एक गंमत आहे. काही उपकरणांत टाइप-सीसाठी लागणारे दोन छोटे रेझिस्टर बसवलेलेच नसतात. अशा कीबोर्डला दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की त्याला वीजच मिळत नाही, तो मेल्यासारखा पडून राहतो. तोच कीबोर्ड एका टोकाला जुनं चपटं यूएसबी-ए असलेल्या केबलने झटक्यात चालू होतो. त्यामुळे पेटीत आलेली केबल फेकू नका.

हब असेल तर तो तूर्तास काढा. यूएसबी २ च्या पोर्टातून जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर मिळतात. बिन-अ‍ॅडॅप्टरच्या हबवर माउस, हार्ड डिस्क आणि पन्नास दिव्यांचा कीबोर्ड असे सगळे त्यातच भागवत असले की कीबोर्ड मधूनच गचका खातो. थेट कंप्युटरला जोडा. निळ्या यूएसबी ३ पोर्टात चालत नसेल तर काळ्यात लावून बघा, उलटंही करून बघा. केबल ५ मीटरपेक्षा लांब नको.

३. पाच पिनांची गोल केबल असेल तर

जुन्या वाद्यांना यूएसबी नसतं. गोल पाच पिनांचे ‘इन’ आणि ‘आउट’ असे सॉकेट असतात. त्यासाठी मध्ये यूएसबी-मिडी इंटरफेस लागतो. नियम सोपा: कीबोर्डच्या ‘आउट’मधून निघायचं, इंटरफेसच्या ‘इन’मध्ये शिरायचं. ‘आउट’ला ‘आउट’ जोडलं तर काही बिघडत नाही, पण काही पोचतही नाही.

घोळ होतो तो केबललाच जोडलेल्या स्वस्त इंटरफेसवर. त्याच्या दोन प्लगांवर ‘इन’ आणि ‘आउट’ छापलेलं असतं, पण त्याचा अर्थ सगळे एकसारखा लावत नाहीत. एका कंपनीचा ‘इन’ म्हणजे ‘कंप्युटरकडे येणारा’, म्हणून तो कीबोर्डच्या ‘आउट’मध्ये जातो. दुसऱ्या कंपनीचा ‘इन’ म्हणजे ‘कीबोर्डच्या इनमध्ये खोचायचा’. चालत नसेल तर दोन्ही प्लग अदलाबदल करा. दहा सेकंदांचं काम आहे आणि त्यात नुकसान काही नाही. इंटरफेसवर ‘मिडी इन’चा दिवा असेल तर पट्टी दाबताना तो लुकलुकला पाहिजे. लुकलुकला की इथपर्यंतची वाट मोकळी.

पिन वाकडी झाली असेल तर चिमट्याने सावकाश सरळ करा. पाचांपैकी कडेच्या दोन पिना मूळ मिडीत वापरल्याच जात नाहीत, मधल्या तीन महत्त्वाच्या.

४. कंप्युटरला कीबोर्ड दिसतो का

विंडोजवर स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘साउंड, व्हिडिओ अँड गेम कंट्रोलर्स’ हा गट उलगडा. टायपिंगच्या कीबोर्डांच्या यादीत शोधू नका, तिथे तो कधीच नसतो. इथे कधी कीबोर्डचं नाव दिसतं, कधी नुसतं ‘यूएसबी ऑडिओ डिव्हाइस’. ओळखण्याची युक्ती: खिडकी उघडी ठेवून केबल काढा आणि परत लावा. जी ओळ नाहीशी होऊन परत येते ती तुमची.

ओळ येतच नसेल तर अजून केबल, पोर्ट किंवा विजेचाच प्रश्न आहे, मागे जा. ओळ आहे पण पिवळा त्रिकोण आहे, किंवा ‘अननोन डिव्हाइस’ दिसतंय, तर ड्रायव्हरकडे बघायची वेळ आली.

आजचे बहुतेक कंट्रोलर ‘क्लास कम्प्लायंट’ असतात, म्हणजे वेगळा ड्रायव्हर न टाकता चालतात. तुमचा कीबोर्ड तसा असेल तर इंटरनेटवरून कुठलंही ‘ड्रायव्हर इन्स्टॉलर’ उतरवू नका. त्यातून भलतंच काही घरात येतं. ज्यांना ड्रायव्हर लागतो त्यांचा कंपनीच्याच साइटवरून, मॉडेल क्रमांक जुळवून घ्या. आणि इन्स्टॉल करताना कीबोर्ड कधी जोडायचा ते वाचा. पुष्कळदा आधी ड्रायव्हर आणि मग केबल असा क्रम असतो, आणि आपण नेमका उलटा करतो.

काही डिजिटल पियानोंच्या मेनूमध्ये यूएसबी ड्रायव्हरसाठी ‘जेनेरिक’ आणि ‘व्हेंडर’ असे दोन पर्याय असतात. कंपनीचा जुना ड्रायव्हर नव्या विंडोजवर बसत नसेल तर ‘जेनेरिक’ निवडा, पियानो बंद करून चालू करा. जुना ड्रायव्हर न चालण्यामागे विंडोजच्या सिक्युरिटीतलं ‘मेमरी इंटेग्रिटी’ हेही कारण असू शकतं. ते बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. पण एका कीबोर्डसाठी अख्ख्या कंप्युटरची कडी काढून ठेवणं बरं नाही. नवा ड्रायव्हर किंवा ‘जेनेरिक’, यातलं काहीतरी साधतं का ते आधी बघा.

दर वेळी वेगळ्या पोर्टात जोडलं की विंडोज नवी नोंद करतं आणि जुन्या नोंदी भुतासारख्या मागे राहतात. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ करा. फिकट दिसणाऱ्या जुन्या नोंदी राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल’ करा. मग कीबोर्डसाठी एक पोर्ट कायमचं ठरवून टाका.

मॅकवर ‘युटिलिटीज’मधलं ‘ऑडिओ मिडी सेटअप’ उघडा आणि ‘विंडो’ मेनूतून ‘शो मिडी स्टुडिओ’ निवडा. कीबोर्डचं चित्र ठळक दिसलं तर जोडणी ठीक. फिकट दिसलं तर मॅकला तो पूर्वी भेटलाय, आत्ता नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवाल्या लॅपटॉपमध्ये नवं उपकरण लावल्यावर ‘जोडू द्यायचं का?’ असा प्रश्न येतो. तिथे घाईत नकार दिला असेल तर वीज मिळते पण डेटा अडतो. वरचं चार्जिंग केबलचं लक्षण जसंच्या तसं. परवानगीचं सेटिंग ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये आहे.

५. निरोप डोळ्यांनी बघा

आता मिडी मॉनिटर. ही पायरी टाळून पुढे जाऊ नका, कारण इथून पुढचे सगळे निर्णय हिच्यावर आहेत. बाकीची संगीताची सॉफ्टवेअर बंद करा, मॉनिटरमध्ये इनपुट म्हणून तुमचा कीबोर्ड निवडा आणि मधला ‘सी’ (मधल्या सप्तकातली पांढरी एक) एकदा हळू दाबा, सोडा.

पडद्यावर दोन ओळी आल्या पाहिजेत: ‘नोट ऑन’, चॅनल १, स्वर ६०, जोर समजा ३४; आणि सोडल्यावर ‘नोट ऑफ’, स्वर ६०. काही कीबोर्ड ‘ऑफ’ न पाठवता ‘नोट ऑन, जोर ०’ असं पाठवतात. दोन्हीचा अर्थ एकच. आता तीच पट्टी जोरात दाबा. जोराचा आकडा शंभरच्या पुढे गेला पाहिजे. १२७ ही कमाल. आकडा कितीही आपटलं तरी एकच राहत असेल तर कीबोर्डवर ‘फिक्स्ड व्हेलॉसिटी’ चालू आहे.

काय दिसलं त्यावरून:

- ओळी नीट आल्या: कीबोर्ड, केबल, ड्रायव्हर, सगळे निर्दोष. त्यांना परत हात लावू नका, थेट ६ वर जा.
- पट्टी न दाबताच ‘अ‍ॅक्टिव्ह सेन्सिंग’ किंवा ‘एफई’च्या ओळींचा पाऊस: हा बिघाड नाही. काही कीबोर्ड ‘मी आहे’ असं ३०० मिलिसेकंदांच्या आत परत परत कळवत असतात. मॉनिटरच्या फिल्टरमध्ये ते लपवा आणि परत पट्टी दाबा.
- फक्त नॉब आणि बटणांच्या ओळी येतात, पट्ट्यांच्या नाहीत: इनपुट चुकीचं निवडलंय. अनेक कंट्रोलर दोन पोर्ट दाखवतात, एक पट्ट्यांसाठी आणि एक सॉफ्टवेअरची बटणं चालवण्यासाठी. यादीतला दुसरा निवडून बघा.
- स्वर ६० ऐवजी ३६ किंवा ८४: ऑक्टेव्हची बटणं दाबली गेलीत. दोन्ही ऑक्टेव्ह बटणं एकदम दाबली की बऱ्याच कंट्रोलरवर ते शून्यावर येतं.
- एकदा पट्टी दाबल्यावर ‘नोट ऑन’च्याच दोन-दोन ओळी: कीबोर्ड दोन चॅनलवर पाठवतोय; ‘लेयर’ किंवा ‘ड्युअल’ बंद करा.

इथे काहीच आलं नाही, पण ४ मध्ये कीबोर्ड व्यवस्थित दिसत होता, तर कीबोर्डच्या मिडी मेनूत ‘ट्रान्समिट’ बंद आहे का बघा. तरीही नाही, तर मॅन्युअलमध्ये ‘फॅक्टरी रीसेट’ शोधा. साठवलेले आवाज आणि सेटिंग्ज त्यात पुसले जातात, तेव्हा आधी बॅकअप.

६. सॉफ्टवेअरमध्ये इनपुट चालू करा

मॉनिटर बंद करा, मगच सॉफ्टवेअर उघडा. विंडोजच्या जुन्या मिडी पद्धतीत बऱ्याच ड्रायव्हरांबरोबर एक पोर्ट एका वेळी एकच प्रोग्रॅम वापरू शकतो. मिडी मॉनिटर उघडा ठेवून संगीताचं सॉफ्टवेअर सुरू केलं की ‘डिव्हाइस इन यूज’ असा संदेश येतो, किंवा संदेशही न येता सगळं गप्प. ब्राउझरमधली पियानो शिकवणारी टॅबही पोर्ट अडवून बसते, आणि ती आठवणीत राहत नाही. मॅकवर ही अडचण नाही.

क्रम असा ठेवा: कीबोर्ड चालू, पाच सेकंद थांबा, मग सॉफ्टवेअर. पुष्कळ सॉफ्टवेअर उपकरणांची यादी फक्त सुरू होताना वाचतात.

- रीपर: प्रेफरन्सेसमध्ये मिडीच्या उपकरणांची यादी, कीबोर्डवर राइट क्लिक, ‘एनेबल इनपुट’.
- एबलटन लाइव्ह: सेटिंग्जमधल्या मिडीच्या पानावर कीबोर्डच्या इनपुटसमोर ‘ट्रॅक’ चालू हवं. नुसतं ‘रिमोट’ चालू ठेवलं तर नॉब चालतात, पट्ट्या नाहीत.
- एफएल स्टुडिओ: ऑप्शन्समधलं मिडी सेटिंग्ज, इनपुटच्या यादीत कीबोर्ड निवडून ‘एनेबल’.
- गॅरेजबँड: आपोआप ओळखतो. ४ आणि ५ नीट झालं असेल तर इथे काही करावं लागत नाही.
- ब्राउझरमधली साइट: पत्त्याच्या पट्टीतून मिडीची परवानगी द्या. सफारीमध्ये वेब मिडी चालत नाही. मॅकवर क्रोम वापरा.

७. ट्रॅक, वाद्य आणि आवाजाची वाट

ट्रॅक ऑडिओचा नको, मिडीचा किंवा इन्स्ट्रुमेंटचा हवा. त्यावर एखादं वाद्य टाकलेलं हवं. रिकाम्या मिडी ट्रॅकवर निरोप येतात आणि विरून जातात. ट्रॅकचं लाल ‘आर्म’ बटण दाबा, ट्रॅकवरचंच ‘मॉनिटर’ बटण चालू करा, इनपुटमध्ये ‘ऑल इनपुट्स, ऑल चॅनल्स’ निवडा. चॅनलची निवड नंतर करता येते.

मग पट्टी दाबून ट्रॅकचा मीटर बघा. मीटर हलत नाही, तर वाद्यापर्यंत निरोप जात नाही किंवा दाबलेली पट्टी त्या वाद्याच्या टप्प्याबाहेर आहे. बेस गिटारच्या नमुन्यांना वरच्या सप्तकात आवाजच नसतो. मीटर हलतो पण कानाला काही नाही, तर मिडीचा विषय संपला: सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंग्जमध्ये आउटपुट बघा. एचडीएमआयने मॉनिटर जोडलेला असेल तर आवाज बिनस्पीकरच्या पडद्याकडे गेलेला असतो.

८. वाजतं, पण बरोबर वाजत नाही

उशीर. पट्टी आधी, आवाज नंतर. हा मिडीचा दोष क्वचितच असतो. दोष ऑडिओच्या बफरचा, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी कंप्युटर जो तुकडा साठवून ठेवतो त्याचा. ४४,१०० हर्ट्झला १०२४ सॅम्पलचा बफर म्हणजे २३ मिलिसेकंद, १२८ चा म्हणजे जेमतेम ३. विंडोजवर ‘एएसआयओ’ (उशीर कमी ठेवणारा ऑडिओ ड्रायव्हर) निवडा. साउंड कार्डाचा स्वतःचा नसेल तर ‘एएसआयओ फोर ऑल’. बफर २५६ वर ठेवा, ऐकू येणारी तडतड नसेल तर १२८ वर आणा. ब्लूटूथ हेडफोन लावून उशीर कमी करायच्या फंदात पडू नका, त्यांचा स्वतःचाच उशीर सहज शंभर मिलिसेकंदांच्या पुढे जातो.

दुहेरी आवाज. ज्या कीबोर्डला स्वतःचा आवाज आहे तो आणि सॉफ्टवेअर दोघं एकदम वाजतात. कीबोर्डच्या मेनूत ‘लोकल कंट्रोल’ बंद करा. नंतर कंप्युटरशिवाय वाजवायला बसलात आणि कीबोर्ड मुका झाला, तर तेच परत चालू करायचं राहिलंय.

स्वर अडकणे. ‘नोट ऑफ’ वाटेत हरवला की स्वर ओढतच राहतो. सॉफ्टवेअरमधलं ‘पॅनिक’ बटण दाबा. वरचेवर होत असेल तर केबल किंवा हब.

पेडल उलटं. दाबलं की स्वर तुटतात, सोडलं की लांबतात. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती बघून ‘हीच सोडलेली’ असं धरतात. कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा, पाय काढा, चालू करा. मिडी मॉनिटरमध्ये पेडल म्हणजे कंट्रोलर ६४: दाबल्यावर १२७, सोडल्यावर ०.

थोड्या वेळाने कीबोर्ड गायब. विंडोज वीज वाचवायला पोर्ट झोपवतं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी रूट हब’च्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मधली पहिली खूण काढा. रूट हब दोन-तीन असतील, सगळ्यांची काढा. पॉवर प्लॅनमधलं ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ही बंद करा.

आणि एक खोटा बिघाड: कीबोर्ड ‘सी३’ म्हणतो, सॉफ्टवेअर ‘सी४’. स्वर क्रमांक ६० लाच काही कंपन्या सी३ म्हणतात, काही सी४. आवाज बरोबर सप्तकात असेल तर काही करू नका.

९. ब्लूटूथवर जोडत असाल तर

मॅकवर नेहमीच्या ब्लूटूथ यादीतून नव्हे, तर ‘ऑडिओ मिडी सेटअप’च्या मिडी स्टुडिओतल्या ब्लूटूथच्या खिडकीतून जोडा. विंडोजवर बऱ्याच सॉफ्टवेअरना ब्लूटूथ मिडी थेट दिसत नाही. मध्ये ‘मिडीबेरी’ आणि ‘लूपमिडी’ असे जोडप्रोग्रॅम लावावे लागतात. नवख्याने आधी यूएसबीवर सगळं चालू करून घ्यावं. कीबोर्डवरच्या ब्लूटूथ चिन्हाचा अर्थही तपासा. काहींमध्ये ते फक्त मोबाइलचं गाणं कीबोर्डच्या स्पीकरवर ऐकण्यासाठी असतं, मिडीसाठी नसतं.

१०. तरीही नाही चाललं तर

तीच केबल आणि तोच कीबोर्ड दुसऱ्या कंप्युटरला लावा आणि फक्त ४ आणि ५ करा. तिथेही दोन केबलांनी गप्प असेल तर कीबोर्डचं यूएसबी सॉकेट बघा. केबल किंचित हलवल्यावर जोडणी येते-जाते का? येत-जात असेल तर सॉकेटचा टाका सुटलाय, तो सर्व्हिस सेंटरचा विषय.

तक्रार नोंदवताना किंवा जाणकाराला विचारताना नुसतं ‘चालत नाही’ लिहू नका. मॉडेल क्रमांक, फर्मवेअरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती, कोणत्या प्रकारची केबल, मध्ये हब होता का, डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसलेला एरर कोड, आणि मिडी मॉनिटरमध्ये पट्टी दाबल्यावर आलेल्या ओळींचा स्क्रीनशॉट. ओळी आल्याच नसतील तर रिकाम्या खिडकीचा स्क्रीनशॉट.